सगळ्यांत स्वच्छ हात

स्वानंदी घसरून पडली, पण तिला स्वतःची नाही, पेटीची काळजी होती.

आडगाव नाक्याच्या पुढे, महामार्गाला लागून डिझेल पंप दुरुस्त करणारं एक मोठं वर्कशॉप आहे. त्याच्या समोरचा रस्ता बारा महिने काळा आणि निसरडा. जानेवारीतली सकाळ होती, द्राक्षांच्या बागांवरून आलेलं धुकं अजून रस्त्यावर रेंगाळत होतं. स्कूटी आत वळवताना मागचं चाक सरकलं, आणि पायांमध्ये ठेवलेली पांढरी थर्मोकोलची पेटी सुटून घरंगळत गेली.

"पेटी… पेटी धरा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

वर्कशॉपमधून एकजण धावत आला. त्यानं तिला खरोखरच तशीच रस्त्यावर राहू दिलं आणि पेटी दोन्ही हातांनी पकडली. मग ती पोटाशी धरून तो म्हणाला, "धरली, मॅडम. आता तुम्हाला धरू का?"

आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत खरी काळजी. स्वानंदी आपली आपण उठली, कोपर झटकलं आणि हसणारच होती, तेवढ्यात तिचं लक्ष पेटीकडे गेलं. पांढऱ्या थर्मोकोलवर डिझेलच्या काळ्या बोटांचे दहा ठसे. आत कोऱ्या चिकटपट्ट्या होत्या, कोऱ्या बाटल्या होत्या. त्यांना डिझेलचा वाससुद्धा लागून चालणार नव्हता.

"हात लावू नका हं," ती घाईनं म्हणाली. पेटी काढून घेतली, पिशवीतून स्पिरिट आणि कापूस काढला आणि एकेक ठसा तीन-तीनदा पुसला.

तो बघत उभा राहिला. मग त्यानं हात पाठीमागे घेतले.

स्वानंदी पंचवटीतली. तिचे वडील गंगाधर गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करायचे, आणि मुलगी पीएचडीसाठी कामगारांची लघवी गोळा करत फिरते हे चारचौघांत कसं सांगावं, हा त्यांचा कायमचा प्रश्न होता. "पर्यावरणाचं काहीतरी करते," एवढं सांगून ते विषय बदलत. काम मात्र साधं होतं. डिझेल-पेट्रोलमध्ये नॅप्थलीन असतं, कपाटात ठेवतो त्या डांबरगोळ्यांत असतं तेच. ते हवेतून नाकात जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कातडीतून किती जातं, हे मोजायचं होतं. त्यासाठी हातावर चिकटपट्टी लावून ती हळूच सोलायची, म्हणजे कातडीवर काय साचलंय ते कळे. आणि शरीरात मुरलेल्या नॅप्थलीनची खूण लघवीत उतरते, ती मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायची. बावीस कामगार, सहा आठवडे. सोमवारी सकाळी कामाआधी एक नमुना, गुरुवारी संध्याकाळी कामानंतर दुसरा.

वर्कशॉपचे मालक मनोजशेठ यांनी परवानगी दिली होती, कामाचा खोळंबा न करण्याच्या अटीवर.

पहिल्या सोमवारी रांगेत सगळ्यांत शेवटी आला तो पेटीवाला. नाव नाथा पुंजाराम अहिरे, वय सत्तावीस, गाव सटाणा, काम टेस्ट बेंचवर. दुरुस्त झालेला पंप बेंचवर चढवून त्यातून डिझेल नेमकं किती सुटतं ते जुळवायचं, हे त्याचं काम. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखतो, असं बाकीचे सांगत. बेंचचे जुने मिस्त्री मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा नाथाला मिळणार, हेही तिला पहिल्याच दिवशी कळलं.

त्यानं टेबलावर हात ठेवला आणि स्वानंदी चकित झाली. बाकीच्या एकवीस जणांच्या नखांत काळं होतं, रेषारेषांत काळं होतं. याचा हात स्वच्छ… कोपरापर्यंत स्वच्छ.

"दुखेल का?" त्यानं विचारलं.

"चिकटपट्टी आहे नुसती."

"तरी हळू काढा. पट्टी पटकन निघते, माणसाला निघायला वेळ लागतो."

तिनं मान खाली घालून पट्टीवर क्रमांक टाकला. सतरा. तो चुकून एकाहत्तर पडला, खोडून पुन्हा लिहावा लागला.

मग हा सगळा उपद्व्याप कशासाठी, हे त्यानं विचारलं आणि तिनं समजावून सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "म्हणजे माणूस खोटं बोलला, तरी त्याची बाटली खोटं बोलणार नाही."

"नाही बोलणार."

"मग जपून राहायला पाहिजे," असं म्हणून तो बेंचकडे गेला, आणि जाताना एकदा वळून हसला.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत स्वानंदीला सोमवार आणि गुरुवार लांबून दिसू लागले होते. बुधवारीच ती दुसऱ्या दिवशीचा कुर्ता काढून ठेवी, आणि स्वतःवरच चिडून तो परत घडी घालून ठेवी. वर्कशॉपमध्ये सगळे तिला ताई म्हणत. पन्नाशीचे मिस्त्रीसुद्धा ताई म्हणत. एकटा नाथा तेवढा मॅडम म्हणायचा. एकदा तिनं सहज म्हणून विचारलं, तुम्हीही ताई का नाही म्हणत? त्यानं चिकटपट्टीचं एक टोक बोटानं दाबलं.

"नको," तो म्हणाला. "एकदा म्हटलं की परत घेता येत नाही."

त्या दिवशी परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला हिरवा दिवा लागूनही ती उभीच राहिली होती. मागच्या रिक्षावाल्यानं तिला भानावर आणलं.

पण नियम होता. अभ्यासात असलेल्या माणसाशी अभ्यासापलीकडचा संबंध ठेवायचा नाही, कुणाचा आकडा कुणाला सांगायचा नाही. त्या कागदावर तिनंच सही केली होती.

आणि मग पहिले आकडे आले.

मुंबईहून आलेला तक्ता तिनं कॉलेजच्या संगणकावर उघडला. दिवसभर डिझेलच्या ट्रेमध्ये हात बुडवून पंपाचे भाग धुणाऱ्या माणसांचे आकडे जास्त असणार, बेंचवरच्यांचे कमी, असा तिचा अंदाज होता. धुणाऱ्यांचे आकडे होतेही बऱ्यापैकी. पण सगळ्यांच्या वर, त्यांच्या दुप्पट, एकच आकडा होता. क्रमांक सतरा. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्यात जास्त. आणि सोमवारी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधीसुद्धा.

तिनं पुन्हा पुन्हा ओळ तपासली. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

तिच्या मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडम शांत बाई. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, हा माणूस विडी-सिगारेट ओढतो का? नाही. घरी काही जोडधंदा? फॉर्मात तरी नाही. कामानंतर हात कशानं धुतो? तिनं फॉर्म काढला. बावीसही फॉर्मांवर एकच उत्तर होतं : साबणाने. मॅडम म्हणाल्या, पुढचे आकडे येऊ देत, एवढ्यावरून आजारी ठरवायचं नाही. आपण डॉक्टर नाही, आपण मोजणारी माणसं. स्वानंदीनं मान हलवली. पण मोजणाऱ्या माणसाची झोप उडते, त्याचं काय करायचं, हे तिनं विचारलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी नाथाचा हात तिनं नीट पाहिला. बोटांच्या पेरांवर बारीक भेगा, मनगटाशी लालसर चट्टे. "थंडी आहे," तो म्हणाला. डोकं दुखतं का, या प्रश्नावर म्हणाला, "कधीकधी. तुम्ही का घाबरलात?"

"मी कुठे घाबरले?"

"पट्टी उलटी लावलीत, मॅडम."

ती खरंच उलटी लागली होती.

त्याच दिवशी मनोजशेठनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि आपुलकीनं विचारलं, कुणाचा रिपोर्ट फार वाईट आहे का. नाव कळलं तर त्या माणसाला ते गेटवर बसवणार होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला. डिझेलपासून लांब, सुरक्षित. तिनं नाव सांगता येत नाही म्हटलं, आणि कप तसाच खाली ठेवला. आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारा माणूस गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. सांगावं तर त्याचं काम जाईल. न सांगावं तर… तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तीच खरी भीती होती.

गुरुवारी रांग लागली. एकवीस जण आले. सतरा क्रमांकाची बाटली कोरीच राहिली. नाथा मंगळवारपासूनच रजेवर आहे, गावी गेलाय, हाताला काहीतरी झालंय म्हणे, असं शेजारच्या बेंचवाल्यानं सांगितलं.

तिनं फॉर्मावरचा नंबर लावला. फोन वाजत राहिला. शुक्रवारी पुन्हा. शनिवारी पुन्हा. कुणी उचलला नाही. शनिवारी जेवताना गंगाधर गुरुजींनी ताटावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, घाटावर माणसं गेलेल्यांसाठी येतात गं, त्यांच्याही चेहऱ्यावर एवढी काळजी नसते. तिला हसायला हवं होतं. तिला रडू आलं.

रविवारी सकाळी ती सटाण्याच्या एसटीत बसली. मांडीवर प्रश्नावली होती, कुणी विचारलंच तर दाखवायला. आपण नियम मोडतोय, फॉर्मावरचा पत्ता असा वापरायचा नसतो, हे ती तीन तास स्वतःला सांगत होती. एसटी मात्र पुढेच जात होती.

अहिऱ्यांचा मळा गावाबाहेर होता. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा हिरवा कांदा, त्याचा उग्र ओला वास. घराच्या ओट्यावर नाथा बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांमध्ये गुंडाळलेले. तिला बघून तो उभा राहिला आणि हात पाठीमागे न्यायला लागला, पण पट्ट्यांमुळे ते नीट जाईनात.

"फोन का नाही उचलला?" स्वानंदीचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"बोटांना पट्ट्या आहेत, मॅडम. फोन ऐकतच नाही."

घरातून त्याची आई फुलाबाई बाहेर आल्या. त्यांनी पाहुणी कोण, कुठली, हे काहीच विचारलं नाही, पाण्याचा तांब्या दिला आणि लेकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मना पोऱ्या येडा शे, माय." मग आपल्या या वेड्या पोराचं सांगू लागल्या. डॉक्टर म्हणाले, कातडी जळालीय. कशानं विचारलं तर आधी बोलेना, मग म्हणाला पेट्रोलनं. महिनाभर रोज पेट्रोलनं हात धुतोय. कोपरापर्यंत, घासणीनं. एवढं सांगून त्या चहा टाकायला आत गेल्या.

स्वानंदी ओट्याच्या कडेला बसली. तिच्या डोक्यात तक्त्याची ओळ सरकत होती. पेट्रोलनं कातडीतलं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि बाहेर राहायचं ते सगळं आत जातं. सोमवारी सकाळी, कामाआधीसुद्धा आकडा का चढलेला असे, तेही आता कळलं.

"कशासाठी?" तिनं हळूच विचारलं.

नाथा कांद्याकडे वळला. "पहिल्या दिवशी मी तुमची पेटी धरली. तुम्ही हात लावू नका म्हणालात. मग स्पिरिटनं पुसून काढली. तीनदा." तो थांबला. "बरोबरच होतं. पण मग तुम्ही सोमवारी माझा हात हातात घेणार होतात… साबणानं डिझेल जात नाही, मॅडम. पेट्रोलनं जातं."

"आणि रोज कशाला? मी तर दोनदाच येते."

"कधी मधेच आलात तर?"

मग तिनं सांगितलं, आत कोऱ्या बाटल्या होत्या, तिला त्या हातांची किळस आली नव्हती, बाटल्यांची भीती होती. एवढं एक वाक्य त्या दिवशी बोलली असती, तर… नाथा ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही.

"म्हणजे मी उगाच घासले?"

"उगाच," ती म्हणाली. "आणि मी इतके दिवस उगाच मेले." तिनं ओठ मिटले. नियम होता. आलेला चहा तिनं गरमच पिऊन टाकला, डॉक्टरचा कागद पाहिला, सगळ्यांत वरचा आकडा त्याचाच आहे हे त्याला सांगितलं, हात कशानंही धुवायचे नाहीत असं बजावलं आणि दुपारच्या एसटीनं परतली. हात भरून येतील, असं डॉक्टरनी सांगितलं होतं, आणि पेट्रोल बंद झालं की आकडाही उतरेल, हे तिला ठाऊक होतं. तरी वाटभर तिच्या छातीतली धडधड थांबली नाही. आता ती वेगळ्याच गोष्टीची होती.

सोमवारी तिनं ज्योत्स्ना मॅडमना सगळं सांगितलं. पत्ता वापरला, गावी गेले, तो माणूस माझ्यामुळे हात धूत होता… आणि मला तो माणूस आवडतो. हे शेवटचं सांगताना तिची नजर मॅडमच्या टेबलावरच्या पेपरवेटवर होती. मॅडमनी सतरा क्रमांकाचा फॉर्म मागून घेतला. नंतर त्यांनी निर्णय दिला. सतरा क्रमांकाची सगळी नोंद अभ्यासातून काढायची, कारण लेखी लिहायचं, आणि बावीस पुरे करायला दुसऱ्या वर्कशॉपमधला माणूस घेऊन पहिल्यापासून सहा आठवडे मोजायचं. प्रबंध तीन महिने लांबेल. स्वानंदीनं मान्य केलं. निघताना मॅडम म्हणाल्या, "आणि तो हात धुण्याचा प्रश्न सगळ्यांना परत विचार. एकटाच असेल असं मला वाटत नाही."

पुढच्या सोमवारी नाथा कामावर आला. पट्ट्या सुटल्या होत्या, हात गुलाबी दिसत होते. स्वानंदीनं सगळ्यांना एकत्र बसवलं, मनोजशेठही आले. तिनं पुन्हा विचारलं, सुट्टी झाली की हात कशानं धुता?

साबणानं, ताई, साबणानं, असं सगळीकडून आलं. एकवीसच्या एकवीस.

मग मागून नाथा उभा राहिला. "मी पेट्रोलनं धुतो," तो म्हणाला. "कातडी जळाली माझी. सगळ्यांत खराब आकडा माझाच आहे." त्यानं हात पुढे करून दाखवले. स्वानंदीनं जे नाव इतके दिवस गिळून ठेवलं होतं, ते तो मनोजशेठच्या समोर स्वतःच सांगून मोकळा झाला होता.

मग पन्नाशीचे एक मिस्त्री हळूच उठले आणि म्हणाले, आपण तर वीस वर्षं पेट्रोलनंच धुतोय. मग दुसरा उठला. तिसरा. शेवटी स्वानंदीनं मोजले तेव्हा चौदा जण उभे होते. साबण म्हटलं की बरं दिसतं, म्हणून सगळ्यांनी साबण लिहिलं होतं.

मनोजशेठनी कपाळावरचा घाम पुसला. चौदा माणसं गेटवर बसवता येत नाहीत. पुढच्याच आठवड्यात नळापाशी हात धुण्याच्या पेस्टचे डबे आले, डिझेलमध्ये न फुगणारे हातमोजे आले आणि पेट्रोलच्या कॅनला कुलूप लागलं. नाथा बेंचवरच राहिला.

नाथा सगळ्यांसमोर उभा राहिला त्याच आठवड्यात, गुरुवारी रांग संपल्यावर स्वानंदी एक कागद घेऊन बेंचपाशी गेली. "इथे सही करा. तुमचं नाव मी अभ्यासातून काढतेय."

त्यानं कागद वाचला. चेहरा उतरला. "एवढी मोठी चूक झाली का माझी?"

"नोंद चुकली, तुम्ही नाही." तिनं पेन पुढे केलं. "यादीतल्या माणसाशी मला कामाशिवाय काही बोलता येत नाही. म्हणून काढतेय."

नाथानं कागद बेंचवर ठेवला. मग वाकून, हळू, दुखऱ्या बोटांनी त्यानं सही केली. पेन परत देताना म्हणाला, "तुमचे वडील रामकुंडावरचे गुरुजी. आम्ही मळ्यातली माणसं. घरी…"

"बाबांना मी काल सांगितलं."

"मला न विचारता?"

"तुम्ही पेट्रोलनं हात धुताना मला विचारलं होतं?"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. काय म्हणाले, असं त्यानं विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. रात्री जेवले नाहीत. सकाळी अंगावर उपरणं घेत म्हणाले, रविवारी त्याला घेऊन ये, बघू. त्या 'बघू'त हो नव्हतं… पण नाहीही नव्हतं.

"मला भीती वाटते, नाथा," ती म्हणाली. तिनं त्याला नुसत्या नावानं हाक मारली होती, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

बेंचवरचा पंप फिरत होता. नाथानं हात पुढे करून तो बंद केला. अचानक इतकं शांत झालं की महामार्गावरून जाणाऱ्या गाड्या मोजता आल्या असत्या. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि मॅडमशी बोलायची भाषा त्याला पुरेना. शेवटी तो आईशी बोलतो त्या भाषेत, अगदी हळू म्हणाला,

"माले तू आवडस."

स्वानंदीला ते पहिल्याच खेपेला कळलं. तिनं तो गुलाबी, भेगाळलेला हात दोन्ही हातांत घेतला, जपून, जिथे दुखणार नाही तिथे धरून.

"माले बी," ती म्हणाली.